चौथीनंतरची वाट



पांढऱ्या कांद्याच्या माळा ओसरीत टांगून झाल्या, वाल झोडून झाला, राबही भाजून झाले. मृग लागेपर्यंत आता अंमळ सवड आहे. या सवडीत दरवर्षी मी भाताच्या बियाण्याविषयी लिहितो. या आठवड्यात तो विषय बाजूला ठेवला आहे. ज्या घरात तिसरी-चौथीतला मुलगा आहे आणि त्याचे पाय दिवसेंदिवस त्याची साथ सोडीत आहेत, त्या घरासाठी आजचा मजकूर आहे. तुमच्या घरी तसे कोणी नसेल तरी वाचा. आळीत, भावकीत असे घर असेल आणि तेथे हे साप्ताहिक जात नसेल, तर हा अंक नेऊन द्या.

शेतकी खात्याच्या माणसाला आजाराची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदवीधर. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण आमचे काम असे की, भर शाळेच्या वेळी आम्ही लोकांच्या ओटीवर बसलेलो असतो. अकरा वाजता कोणते मूल घरात आहे, ते आम्हाला दिसते. खारेपाटात जा की अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत जा, वर्षा-दोन वर्षांत एखाद्या ओटीवर दहा-बारा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसलेला भेटतो. डोळे तरतरीत, बोलणे चांगले. कितवीत आहेस म्हणून विचारले की तो आईकडे पाहतो, आणि आई सांगते, "चौथी झाली, मग घरीच ठेवला." एका आजीने तर मलाच उलट विचारले होते, "सायेब, याला रोज उचलून कोन नेनार?"

आजीचा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर आपल्याला पुढे शोधायचेच आहे. आधी आजार कोणता ते पाहू, कारण आपल्याकडे पाय लुळे पडलेल्या कोणत्याही मुलाला सरसकट "पोलिओ झाला" म्हणतात. पोलिओ ताप येऊन एकाएकी होत असे, आणि जेवढे नुकसान व्हायचे तेवढे होऊन थांबत असे. आपल्या देशातला त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. तेव्हा आज जो लहान मुलगा चालता चालता पडू लागला आहे, त्याला पोलिओ समजून स्वस्थ बसू नका.

मी ज्याविषयी लिहितो आहे तो आजार म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. मराठीत कोणी स्नायुक्षयही म्हणतात, पण आपण क्षय म्हणतो त्या टीबीशी त्याचा काही संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याचे प्रकार अनेक. काही मुलींनाही होतात, काहींत माणूस पुष्कळ वर्षे चालता राहतो. मुलांत सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कडक प्रकार डुशेन नावाचा. तो जवळजवळ मुलग्यांनाच होतो. जन्मणाऱ्या साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो असतो. डुशेन हे फ्रान्समधल्या एका डॉक्टरचे नाव. तो समुद्रकाठच्या बुलोन गावचा, दर्यावर्दी घराण्यातला. त्याने १८६० नंतरच्या दशकात या मुलांचे बारकाईने वर्णन करून ठेवले. पण स्नायूंत नेमके काय कमी पडते ते कळायला १९८७ साल उजाडले. स्नायूची पेशी आकुंचन पावताना फाटू नये म्हणून तिला सांभाळणारे डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन असते. ते या मुलांत तयारच होत नाही.

घरात हे ओळखावे कसे? मूल उशिरा चालते, धावता येत नाही, चवड्यांवर चालते, वारंवार पडते, जिना चढताना कठडा धरून स्वतःला ओढून घेते. पोटऱ्या मात्र जाडजूड दिसतात, म्हणून मामा-काका कौतुकाने म्हणतात, पैलवान होणार. सर्वांत ठळक खूण आपल्या पंगतीत दिसते. जेवण झाल्यावर बाकीची पोरे टुणकन उठतात. हा आधी ओणवा होतो, हात जमिनीवर टेकतो, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात ठेवीत आपल्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. चार-पाच वर्षांचा मुलगा असा उठत असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. रक्ताची सी.पी.के. नावाची एक साधी तपासणी असते. या मुलांत तो आकडा नेहमीच्या कितीतरी पट निघतो. मग जनुकाच्या तपासणीने निदान पक्के होते. एक गोष्ट ध्यानात असू द्या. या मुलांच्या रक्तात यकृताच्या तपासणीचे आकडेही वाढलेले निघतात, कारण तीच द्रव्ये झिजणाऱ्या स्नायूंतूनही येतात. त्यामुळे काही घरी महिनोन् महिने काविळीचे औषध चालू राहते.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी चार शब्द. हा दोष जनुकात असतो आणि ते जनुक आईकडून येते, हे खरे. ज्या आईकडे तो दोष असतो तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. पण सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या मुलांत आईकडे काहीच नसते, दोष त्या मुलातच नव्याने उपजतो. आणि आईकडे असला तरी त्यात तिचा काय अपराध? आपण बियाण्याची पिशवी निवडून घेतो, जनुके कोणी निवडून घेत नाही. तरीही सुनेला बोल लावला जातो, माहेरच्यांचे उणेदुणे निघते, देवाचे काही राहिले का म्हणून कौल लावले जातात. यातून मुलाच्या पायाला काही मिळत नाही, घर मात्र फाटते. आईची आणि बहिणीची तपासणी जरूर करून घ्यावी, पुढच्या बाळंतपणाच्या आधीच करावी, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने शांतपणे करावी.

उपचाराविषयी थोडक्यात. आजार मुळापासून जाईल असे औषध आज गावच्या माणसाच्या हाती नाही. परदेशात निघालेली जनुकीय औषधे कोट्यवधी रुपयांची आहेत, आणि त्यांनीही आजार नाहीसा होत नाही. पण स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर चालणे काही वर्षे अधिक टिकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या आणि मनाने एकाएकी बंद करावयाच्या नाहीत. घोट्याचे सांधे आखडू नयेत म्हणून रोज पाय ताणून द्यावयाचे असतात, ते आईला शिकून घेता येते. "व्यायामाने ताकद येईल" म्हणून बैठका काढायला लावणे, जिने चढवणे हे मात्र या स्नायूंना घातकच आहे. शाळेतल्या पी.टी.च्या गुरुजींनाही हे सांगून ठेवा. दापोलीच्या किंवा कर्जतच्या संशोधन केंद्राची शिफारस नसलेले टॉनिक भातावर फवारू नका, असे मी तुम्हाला नेहमी सांगतो. तोच नियम येथेही लावा. मूलपेशींच्या इंजेक्शनाने मुलगा चालू लागेल असे सांगून लाखो रुपये घेणारे पुष्कळ आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारासाठी तसला उपचार रीतसर चाचणीखेरीज देता येत नाही, आणि रीतसर चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. अलिबाग तालुक्यात आज गुंठ्याला गिऱ्हाईक दारात उभे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. असल्या इंजेक्शनांपायी जमीन विकू नका.

आता शाळेकडे वळू.

या आजाराचे एक वेळापत्रक असते. तीन ते सहा वर्षांपर्यंत पडणे, अडखळणे. सात-आठ वर्षांत जिना सुटतो. मग साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या दरम्यान चालणे थांबते. गोळ्या चालू असल्या तर थोडे पुढे जाते. शाळेचेही एक वेळापत्रक आहे. आपल्या पुष्कळ वाड्यांवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. ती घराजवळ असते, बाई मुलाला ओळखतात, सगळे वर्ग जमिनीलगत असतात. पुढचे हायस्कूल दोन-चार किलोमीटरवर. तेथे जायला एस.टी., आणि एस.टी.ची पायरी धडधाकट म्हातारीलाही जड जाते. म्हणजे पायांनी साथ सोडायची वेळ आणि शाळा लांब जायची वेळ नेमकी एकच येते. घरच्यांना वाटते, पाय गेले म्हणून शाळा गेली. पण मुलगा घराजवळच्या शाळेत लंगडत का होईना जातच होता. त्याला घरी बसवले ते लांबच्या वाटेने, वरच्या मजल्यावरच्या वर्गाने आणि मुतारीच्या पायरीने. पाय आपल्या हातात नाहीत. या बाकीच्या गोष्टी पुष्कळशा आपल्या हातात आहेत.

म्हणून तयारी मुलगा तिसरीत असतानाच करावी. त्या वर्षी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना आईबापांनी जाऊन भेटावे आणि स्पष्ट सांगावे, दोन वर्षांनी आमचा मुलगा येणार आहे, तेव्हा तो कदाचित चाकाच्या खुर्चीत असेल. त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवा. दहावीचा वर्ग वर असण्याची रीत असेल तर त्या वर्षी तो खाली आणा. एका तुकडीला खाली आणायला पैसा लागत नाही. उतार हवा असेल तर हिशेब सोपा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. जोते दोन फुटांचे असेल तर चोवीस फूट. याहून उभा केला तर तो नुसता दाखवायचा उतार होतो, खुर्ची त्यावरून मागे घसरते. गावातला कोणताही गवंडी हे करील. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारा आणि हे काम सुचवा.

मुतारीचे लोक बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. शाळेत कोणाला सांगायची लाज वाटते म्हणून अशी मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन तांब्याभर पाणी ढोसतात. अशाने पोट बिघडते, डोके दुखते, आणि मग "शाळा सोसत नाही" म्हणून नाव कमी होते. उपाय म्हणजे रुग्णालयात असते तसली एक बाटली, एक आडोसा आणि एक विश्वासाचा माणूस. तो शिपाई असेल, मोठा भाऊ असेल, मधल्या सुट्टीत येणारी आई असेल. कोण ते पहिल्याच दिवशी ठरवा.

उचलण्याविषयीही सांगतो. काखेत हात घालून या मुलाला उचलू नका. त्याचे खांदे सैल असतात, तो हातांतून निसटून खाली जातो. एक हात पाठीमागे, एक मांड्यांखाली असे धरा. मोटारसायकलवर मागे बसवून नेणे फार दिवस चालत नाही, पाठीचा तोल गेला की मुलगा पडतो. अशा पडण्यात हाड मोडले तर पुष्कळदा तो पुन्हा पायावर उभा राहत नाही. पावसाळ्यात शेवाळलेले अंगण आणि शेताचा बांध यांपासून त्याला जपा. शिबिरांत हाताने फिरवायची तीनचाकी सायकल देतात. ती ज्यांचे हात दणकट आहेत त्यांच्यासाठी. या मुलांचे हातही हळूहळू दुबळे होतात, त्यांना ती निरुपयोगी. मापाची चाकाची खुर्ची मागा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ती मिळू शकते, उत्पन्नाची अट असते. मोठ्या मापाची घेऊ नका, "वाढीला होईल" हा हिशेब शर्टाला ठीक आहे. खुर्ची रुंद असली तर मुलगा एका अंगाला कलतो आणि पाठीचा कणा वाकतो.

वर्गात काय अडते? मुलगा खाली बसला की उठता येत नाही, म्हणून बाक हवा. टेबल असे हवे की कोपरे त्यावर टेकतील. कोपर टेकले तर हात बराच वेळ लिहितो. पुस्तकांचे दोन संच करा, एक शाळेत, एक घरी. गेल्या वर्षीच्या मुलाकडून जुना संच सहज मिळतो. फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्याची सक्ती नको. शेजारच्या मुलाची वही किंवा मोबाइलवर काढलेले फळ्याचे चित्र पुरते. दुपारनंतर तो थकतो, तो आळस नव्हे. आणखी एक गोष्ट पालकांनी व शिक्षकांनी समजून घ्यावी. या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना शिकण्यात अडचण येते, विशेषतः तोंडी सांगितलेली लांबलचक गोष्ट ध्यानात ठेवण्यात आणि वाचनात. ती स्नायूंसारखी वाढत जात नाही. एका वेळी एकच सूचना द्यावी, थोडे थोडे करून शिकवावे, म्हणजे पुष्कळ साधते. बाकीच्या मुलांची बुद्धी तुमच्याआमच्यासारखीच असते.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव घालून नोंद आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेत नेण्या-आणण्यासाठी आणि मदतनीसासाठी भत्त्याची तरतूद आहे. आजीच्या प्रश्नाचे एक उत्तर तेथे आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांच्याकडे मुलाची नोंद करा. फार गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकवण्याची सोयही कायद्यात आहे. पण माझे मत विचाराल तर ती सोय शेवटी वापरायची. जो खुर्चीत बसून वर्गात जाऊ शकतो त्याला "घरीच शिकवू" म्हणून परत पाठवले तर शाळेला ते लेखी मागा. लेखी म्हटले की पुष्कळ ठिकाणी जागा निघते.

परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दहावीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे आधीच अर्ज करावा लागतो, तो परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे, वर्षाच्या सुरुवातीलाच काढा. लेखनिकाबरोबर सराव नववीपासून हवा. मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे वेगळेच कसब आहे. हात थकतो पण प्रमाणपत्रात ४० टक्के भरत नाहीत, अशा विद्यार्थ्यांनाही लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात २०२१ साली सांगितले आहे.

आणि तो प्रश्न, जो ओटीवर कोणी मोठ्याने विचारीत नाही, पण मनात असतोच. पुढे किती दिवसांचा सोबती, शिकवून करायचे काय? पूर्वी ही मुले बहुधा विशीच्या आत जात, हे खरे. आज गोळ्या, हृदयाची वर्षातून एकदा तपासणी, रात्री श्वासाला मदत करणारे यंत्र यांमुळे, ज्यांची देखभाल नीट होते असे तरुण तिशीपर्यंत आणि काही त्यापुढेही पोचतात. म्हणजे चौथीनंतर त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षे असू शकतात. ती त्याने कशी काढावी? समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या मोजीत? पायांनी आणि हातांनी करायची कामे त्याच्यापासून दूर जाणार. नांगर, जाळे, होडी, नारळाचे झाड, कशावरच त्याला पोट भरता येणार नाही. ज्याला शेत आहे आणि अंगात ताकद आहे तो चौथी शिकूनही जगतो. याला तर शिक्षणाखेरीज दुसरे हत्यार नाही. आणि वर्गात त्याला मित्र असतात, भांडणे असतात, क्रिकेटचे गुण लिहायला कोणीतरी बोलावते. बारा वर्षांच्या मुलाला याचीही भूक असते.

ओम राठोड या विद्यार्थ्याचे उदाहरण पाहा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे ८८ टक्के अपंगत्व. तो वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देऊन पात्र गुणांत आला, पण टक्केवारीच्या मर्यादेत बसत नाही म्हणून अपात्र ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने डॉ. सतेंद्र सिंग यांचा अहवाल मागविला. ते स्वतः लहानपणी पोलिओ झालेले डॉक्टर. साधनांची व सोयींची जोड दिल्यास हा विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेऊ शकेल, असे त्यांनी सांगितले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. अपंगत्वाचा नुसता आकडा पाहू नका, मदत मिळाल्यावर तो काय करू शकतो ते पाहा, असा त्या निकालाचा रोख आहे. प्रत्येक मुलगा डॉक्टर होईल असे मी म्हणत नाही. पण हा मुलगाही कधीतरी चौथीत होता, आणि त्याला कोणीतरी पाचवीत नेले होते.

पाचवीच्या प्रवेशाला आता थोडेच दिवस राहिले आहेत, म्हणून कागदांचे सांगतो. अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे यू.डी.आय.डी. कार्डासाठी, अर्ज संगणकावर करावयाचा असतो, सेवा केंद्रात भरून मिळतो. तपासणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात होते. जाताना आधार कार्ड, फोटो, रक्ताचे व जनुकाचे जुने अहवाल न्या. आजार वाढतो तशी टक्केवारी वाढते, म्हणून काही वर्षांनी फेरतपासणी मागा. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तेथे खुर्ची व पट्ट्यांचे मार्गदर्शन मिळते. पावसाळ्यात मांडवा-गेटवेच्या लाँची बंद असतात, आणि या मुलाला लाँचीत चढवणे एरवीही धोक्याचेच. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे. तिच्यात मुलाला गाडीने थेट बोटीपर्यंत नेता येते, पण हवामान पाहून आणि चौकशी करून निघा.

पुढील आठवड्यात भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, एवढे आतापासून लिहून ठेवा.